मँडरिन मासा आणि जळगावातील सागरी माशांचे दुकान

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणाऱ्या जळगावात खाऱ्या पाण्यातील माशांचे दुकान चालते, याचेच आधी नवल वाटते. मागच्या खोलीत चिलर आणि इन्व्हर्टर लावून प्रवाळाची टाकी राखलेली आहे आणि तिच्यातला मँडरिन ड्रॅगोनेट पाहण्यासाठी तरी तेथे जावे.

जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचा हा मासा मूळचा पश्चिम प्रशांत महासागरातला. जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत उथळ, शांत पाण्यातील प्रवाळांत तो राहतो. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी पट्टे आणि तोंडाशी हिरवट झाक असे त्याचे रूप आहे. बहुतेक माशांचा निळा रंग पेशींतील सूक्ष्म स्फटिकांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे दिसतो. याच्या त्वचेत मात्र खरोखरचे निळे रंगद्रव्य असते, आणि असे प्राणी फारच थोडे आहेत. त्याला खवले नसतात, तर संरक्षणासाठी अंगावर दुर्गंधीयुक्त, विषारी बुळबुळीत थर असतो. पोहण्यापेक्षा पोटाकडच्या परांवर टेकत-सरकत तो दगडांवरून फिरतो आणि अंगणातल्या चिमणीसारखा सतत काहीतरी टिपत राहतो. नराच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा लांब असतो. दोन नर एका टाकीत ठेवल्यास ते भांडतात. समुद्रात सूर्यास्ताच्या सुमारास नर-मादी एकमेकांना खेटून वर तरंगत येतात, अंडी सोडतात आणि क्षणात पांगतात. मागच्या टाकीत एकच नर असल्याने हे तेथे दिसणार नाही.

या माशाची खरी अडचण त्याच्या खाण्याची आहे. समुद्रातून पकडलेला मँडरिन कोरड्या खाद्याला सहसा तोंड लावत नाही. दगडांवर वाढणारे कोपेपॉडसारखे बारीक जीव त्याला दिवसभर लागतात. नव्या टाकीत ते पुरेसे नसतात आणि मासा हळूहळू उपाशी मरतो. म्हणूनच मी चौकशी केली तेव्हा दुकानदाराने दिलेले उत्तर मला या दुकानाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते : “भाऊ, तुमची टाकी अजून कच्ची आहे. वर्षभर मुरू द्या, मग न्या.” हातचे गिऱ्हाईक असे परत पाठवणारा दुकानदार विरळाच.

तक्रारही आहे. विक्रीसाठी आणलेले इतर मँडरिन पुढच्या बाजूला दगड नसलेल्या उघड्या काचटाकीत ठेवले होते आणि त्यांतल्या काहींची पोटे खपाटीला गेली होती. मागे एवढी जाण दाखवणाऱ्याने पुढे असे करावे, हे पटत नाही. घेणाऱ्याने मासा वरून पाहावा, डोक्यामागचा भाग आत गेलेला असेल तर तो नाकारावा आणि आपल्यासमोर त्याला खाताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मीठ मिसळलेले आरओचे पाणी येथे तयार मिळते, ही बोअरवेलचे जड पाणी असलेल्यांची मोठी सोय आहे. भुसावळ-चोपड्याकडे मासे न्यायचे असल्यास ऑक्सिजन भरलेली पिशवी थर्माकोलच्या डब्यात बांधून मागावी आणि ऊन उतरल्यावरच निघावे.