मानेची शीर: वरची की आतली?

परळीजवळच्या एका गावात सप्ताह होता. महाराजांनी वरचा सूर धरला आणि मानेवर करंगळीएवढी शीर तट्ट फुगली. शेजारची मावशी म्हणाली, "आगं माय, फुटंल की ती!" फुटत नाही. ती एक्स्टर्नल जुग्युलर, म्हणजे मानेची वरची शीर. जबड्याच्या कोपऱ्याजवळ सुरू होते, मानेच्या जाड स्नायूवरून तिरकी उतरते आणि गळ्याखालच्या आडव्या हाडामागे सबक्लेव्हियन नावाच्या मोठ्या शिरेला मिळते. जोर लावला की छातीतला दाब वाढतो, वरचं रक्त तुंबतं, बस्स.

इंटर्नल जुग्युलर, म्हणजे आतली शीर, त्याच स्नायूखाली, कॅरोटिड धमनीला चिकटून. मेंदूकडून परतणारं रक्त मुख्यतः हीच खाली आणते. स्वतः दिसत नाही, वरची कातडी तेवढी हलकेच थरथरते, एका ठोक्याला दोनदा.

सलाइनला हातावर शीर सापडेना तर वरची बरी, डोळ्यांसमोर असते. पण हृदयातला दाब बघायचा तर मी उजवी आतलीच पाहीन. ती हृदयाच्या उजव्या कप्प्याकडे जवळजवळ सरळ उतरते. वरची वळत, मानेच्या आतला पडदा भेदून जाते. तिथं चिमटली तर उगाच फुगलेली दिसते. पेशंटला 45 अंशांत टेकवायचं, मान जरा डावीकडे. ठोका बोटाला जोरात लागला तर ती धमनी. यात आम्ही सगळेच एकदा तरी फसलोय.