रोझमेरी: पाणी, तेल की कॅप्सूल?

रोझमेरीच्या नावाने आज बाजारात तीन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. सुकलेली पानं, जी उकळून ते पाणी केसांवर मारतात किंवा चहासारखं पितात. छोट्या गडद बाटलीतलं इसेन्शियल ऑइल. आणि अर्काच्या कॅप्सूल. केस गळतात, विसरायला होतं, साखर वाढली, अशा कुठल्याही कारणाने लोक यातलं हाताला लागेल ते उचलतात आणि एकाबद्दल ऐकलेलं दुसऱ्याला लावतात. तेलावर झालेल्या चाचणीचा दाखला देऊन पाणी विकलं जातं, पानांच्या भुकटीवरचा अभ्यास कॅप्सूलच्या डब्यावर जाऊन बसतो. म्हणून काय घ्यायचं हे ठरवण्याआधी या तिघांत काय असतं ते समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं.

झाड एकच. तुळस-पुदिन्याच्या कुळातलं, मूळचं भूमध्य समुद्राकाठचं, आणि आपल्याकडे निलगिरीच्या डोंगरांत पिकवलं जाणारं. त्याची पानं वाफेवर ऊर्ध्वपातित केली की उडून जाणारी द्रव्यं तेवढी बाहेर येतात: सिनिओल, कापूर, पायनीन, बोर्निओल. हे झालं इसेन्शियल ऑइल. ते मोरोक्को-ट्युनिशियाचं असेल तर त्यात सिनिओल भरपूर असतं. स्पॅनिश असेल तर कापूर आणि पायनीनचं प्रमाण वाढतं. कार्नोसिक ॲसिड आणि कार्नोसोल ही ज्यांच्यासाठी रोझमेरीला ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणतात ती द्रव्यं वाफेबरोबर येतच नाहीत. ती तेलात विरघळणारी आहेत, त्यामुळे ती काढायला अल्कोहोल, ॲसिटोन किंवा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरावा लागतो. हा झाला अर्क. तिसरं महत्त्वाचं द्रव्य रोझमॅरिनिक ॲसिड. ते पाण्यात उतरतं, म्हणून पानांच्या काढ्यात मुख्यतः तेच येतं आणि त्याच्याबरोबर थोडासा सुगंध.

युरोपात खाद्यपदार्थांत वापरायच्या रोझमेरी अर्काला ई 392 हा क्रमांक आहे. त्याच्या नियमात अशी अट आहे की कार्नोसिक ॲसिड आणि कार्नोसोल मिळून अर्कातल्या ठरावीक सुगंधी द्रव्यांच्या किमान 15 पट असलं पाहिजे. म्हणजे बाटलीतल्या तेलात जे ठासून भरलेलं असतं, तेच अर्कातून मुद्दाम काढून टाकलेलं असतं. हे एकदा ध्यानात आलं की ‘रोझमेरी केसांना चांगली’ हे वाक्य किती अपुरं आहे ते लगेच कळतं.

केसांसाठी: तेल, पाणी आणि मिनॉक्सिडिल

बहुतेकांना यातच रस असतो, तेव्हा इथे जरा थांबू.

रोझमेरी आणि केस म्हटलं की ज्या चाचणीचं नाव घेतलं जातं ती इराणमध्ये झाली आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. अनुवंशिक टक्कल सुरू झालेल्या 100 पुरुषांपैकी 50 जणांना रोझमेरी तेलाचं लोशन आणि 50 जणांना 2 टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे केस वाढावेत म्हणून टाळूला लावायचं औषध, दिलं गेलं. तीन महिन्यांनी दोन्हीकडे काही फरक नव्हता. सहा महिन्यांनी दोन्हीकडे केसांची संख्या वाढली आणि दोन्ही गटांत लक्षणीय तफावत नव्हती. डोक्याला खाज मात्र मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांना जास्त सुटली.

एवढं वाचून ‘रोझमेरी मिनॉक्सिडिलच्या तोडीची’ असं लिहिणारे आकडे बघत नाहीत. रोझमेरी गटात मोजणीच्या जागेतल्या केसांची सरासरी संख्या सुमारे 123 वरून 130 झाली आणि मिनॉक्सिडिल गटात सुमारे 138 वरून 141. सहा महिन्यांनी दोन-तीन केसांची वाढ ही मिनॉक्सिडिलसाठीसुद्धा फारच तुटपुंजी कामगिरी आहे. शिवाय नुसतंच साधं तेल किंवा नुसतंच पाणी लावणारा तिसरा गट नव्हता, त्यामुळे दोन्ही सारखीच चालली की दोन्हींपैकी एकही चाललं नाही, हे त्या चाचणीतून नक्की सांगता येत नाही. तुलना 2 टक्क्यांशी होती हेही विसरू नका. पुरुषांवरच्या 48 आठवड्यांच्या एका मोठ्या चाचणीत 5 टक्के मिनॉक्सिडिलने 2 टक्क्यांपेक्षा 45 टक्के जास्त केस आणले होते.

स्कॉटलंडमधली 1998 ची एक जुनी चाचणीही पुष्कळदा पुढे केली जाते. ती चाईवर होती, म्हणजे डोक्यावर गोल चकत्या पडून केस जातात त्या रोगावर. थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि सीडरवुड अशी चार तेलं वाहक तेलात, म्हणजे ती पातळ करायच्या साध्या तेलात, मिसळून रोज मालिश केली. सात महिन्यांनी 44 टक्के लोकांत सुधारणा दिसली, नुसत्या वाहक तेलाने मालिश करणाऱ्यांत 15 टक्के. निकाल चांगला आहे, पण श्रेय चार तेलांपैकी कुणाचं ते कसं ठरवणार? चाई आणि अनुवंशिक टक्कल हे दोन निराळे आजार आहेत, हेही आहेच.

आता सगळीकडे फिरणारं रोझमेरी वॉटर. तेलावरच्या या दोन्ही चाचण्यांपैकी एकही त्याला लागू पडत नाही. इराणमधल्या चाचणीतल्या लोशनमध्ये सिनिओलचं प्रमाण मोजून ठरवलेलं होतं. गॅसवर पंधरा मिनिटं उकळलेल्या पानांतलं सिनिओल स्वयंपाकघरभर दरवळतं, म्हणजे भांड्यातून निघून गेलेलं असतं. पाण्याने टाळूला बरं वाटत असेल, केस हाताला मऊ लागत असतील तर जरूर मारा, त्रास होण्याचा संभव कमी आहे. फक्त त्यात काही टिकवणारं नसतं, तेव्हा आपल्या हवेत ते फ्रिजमध्येच ठेवा आणि थोडक्या दिवसांत संपवा. गढूळ झालं, वास बदलला की ओतून द्या.

माझा कौल असा. कपाळाकडून केस मागे सरकायला लागलेल्या, भांग रुंदावत चाललेल्या माणसाला खरोखर केस राखायचे असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन मिनॉक्सिडिलचा विचार करावा. त्याच्यामागे कित्येक दशकांचा पुरावा आहे. त्याच्या अटीही आहेत: सुरुवातीला केस जरा जास्तच गळतात, थांबवलं की मिळवलेलं काही महिन्यांत जातं, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने ते वापरायचं नाही. या अटी नको असतील, गळती बेताची असेल आणि सहा महिने नेटाने लावायची तयारी असेल, तर पातळ केलेलं रोझमेरी तेल करून बघायला माझी हरकत नाही. अपेक्षा मात्र बेताची ठेवा.

पातळ केलेलं हा शब्द मी जपून वापरते आहे. 30 मिली खोबरेल किंवा बदाम तेलात साधारण 12 थेंब टाकले की ते 2 टक्क्यांच्या आसपास होतं, आणि नाजूक त्वचेला 6 थेंबही पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघायची, कारण रोझमेरीची ॲलर्जी येणारे लोक असतात. घेताना बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा. ‘रोझमेरी हेअर ऑइल’ या नावाखाली पहिला घटक लिक्विड पॅराफिन, मग सुगंध आणि शेवटच्या ओळीत रोझमेरी असेल, तर तुम्ही सुगंधी पॅराफिन विकत घेताय. घरात मांजर असेल तर आणखी एक गोष्ट: मिनॉक्सिडिल मांजरांना थोड्या प्रमाणातही जीवघेणं ठरू शकतं आणि तीव्र इसेन्शियल ऑइलही त्यांना सोसत नाहीत. डोकं चाटू देऊ नका, उशीवर झोपू देऊ नका.

बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, किंवा डेंग्यू-टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, ती गळती बहुतेक वेळा आपोआप थांबते. त्या काळात जे लावाल त्याला यश येतं. रोझमेरीच्या कितीतरी कौतुककथा या अशा आहेत असं मला मनापासून वाटतं.

स्मरणशक्तीसाठी: वास, भुकटी आणि कॅप्सूल

इथे पुरावा थोडा आहे, पण तो रंजक आहे. इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रिया विद्यापीठाने 2003 मध्ये 144 जणांवर वासाचा प्रयोग केला. रोझमेरीचा वास असलेल्या खोलीत बसलेल्यांना गोष्टी जास्त चांगल्या आठवल्या, पण आठवायला वेळ जास्त लागला. हा तेवढ्यापुरता परिणाम. अभ्यासाच्या टेबलावर डिफ्यूझर लावून वर्षभराची बुद्धी वाढत नाही.

पोटात घेण्याबद्दलचा अभ्यास 2012 चा, सरासरी 75 वर्षांच्या 28 जणांवरचा. सुक्या पानांची भुकटी वेगवेगळ्या प्रमाणात दिली. 750 मिलिग्रॅमला, म्हणजे स्वयंपाकात पडेल तेवढ्या अर्ध्या-पाऊण छोट्या चमच्याला, आठवण्याचा वेग सुधारला. 6 ग्रॅमला तो बिघडला. जास्त घेतलं की जास्त फायदा, या समजाला याहून स्पष्ट उत्तर कुठलं हवं? ‘एक्स्ट्रा स्ट्रेंग्थ’ लिहिलेली कॅप्सूल उचलताना हा अभ्यास आठवावा.

2025 मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स रिसर्च संस्थेकडून अल्झायमरबद्दल जी बातमी आली, ती कार्नोसिक ॲसिडपासून प्रयोगशाळेत बनवलेल्या अधिक स्थिर रेणूची होती, आणि प्रयोग उंदरांवर होता. दुकानातल्या कॅप्सूलमध्ये तो रेणू नसतो. इटलीतल्या अच्चारोली गावातल्या शतायुषींचं श्रेयही रोझमेरीला दिलं जातं. ते लोक रोझमेरी खातात, तसेच मासे खातात आणि आयुष्यभर चढ-उतार चालतात.

कॅप्सूलचं गणित

अर्काच्या सुरक्षिततेवर जागतिक पातळीवर विचार झालेला आहे. खाद्यपदार्थांतल्या मिश्रकांकडे बघणाऱ्या संयुक्त तज्ज्ञ समितीने, जेक्फाने, 2016 मध्ये रोजची तात्पुरती मर्यादा घातली: शरीराच्या दर किलोमागे कार्नोसिक ॲसिड आणि कार्नोसोल मिळून 0.3 मिलिग्रॅमपर्यंत. तात्पुरती अशासाठी, की प्रजनन आणि गर्भाच्या वाढीवरचे अभ्यास समितीने आणखी मागितले होते. 60 किलोच्या माणसाला हे 18 मिलिग्रॅम होतं. आता 400 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घ्या, त्यावर ‘6 टक्के कार्नोसिक ॲसिड’ लिहिलंय असं समजा. एका कॅप्सूलमध्ये 24 मिलिग्रॅम झालं, मर्यादेच्या वर. मर्यादेत सुरक्षिततेचा मोठा वाव धरलेला असतो, त्यामुळे एका दिवसात काही होणार नाही. पण वर्षभर रोज दोन घेणाऱ्याने हे गणित करायला हवं, आणि डब्यावर टक्केवारीच नसेल तर ते करता येत नाही. असा डबा मी घेणार नाही.

साखर, यकृत, कर्करोग यांच्याबद्दलचे दावे मुख्यतः उंदीर आणि काचेच्या बशीतल्या पेशींवर उभे आहेत. मधुमेहाची किंवा रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता कॅप्सूल सुरू करू नये.

पोटासाठी पानं मला सगळ्यांत सरळ वाटतात. युरोपीय औषध संस्था अपचन आणि पोटातल्या हलक्या मुरड्यासाठी पानांचा पारंपरिक वापर मान्य करते, तोही चाचण्यांवरून नव्हे तर दीर्घ वापराच्या आधारावर. 150 मिली उकळत्या पाण्यात 1 ते 2 ग्रॅम पानं. पित्ताशयात खडे असतील तर आधी विचारा. आपल्याकडे ओवा आणि बडीशेप घरात असताना यासाठी रोझमेरी मुद्दाम आणायची गरज नाही.

कुणी लांब राहावं

फिट येणाऱ्या माणसाने रोझमेरीचं इसेन्शियल ऑइल वापरू नये, त्यातला कापूर फिट आणू शकतो. ते कुणीही पिऊ नये, थेंबभरही नाही. गरोदरपणात स्वयंपाकातली चिमूट ठीक, तेल आणि कॅप्सूल नको. आणि बाळाची टाळू भरायच्या तेलात हे तेल कधीही घालू नका. तान्ह्या मुलांच्या नाकातोंडाजवळ कापूर आणि सिनिओल गेलं की श्वासाला धोका असतो.

शेवटचा मुद्दा केस गळणाऱ्या बायकांसाठी, कारण तो कुणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियात 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण बायकांच्या जेवणात रोझमेरीचा अर्क घातल्यावर अन्नातलं लोह अंगी लागण्याचं प्रमाण थोडं कमी झालं. ग्रीन टीनेही तसंच झालं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, आणि लोह कमी पडणं हे केस गळण्याचं एक कारण मानलं जातं. म्हणजे केसांसाठी म्हणून जेवणाबरोबर रोज कॅप्सूल किंवा कडक काढा घेणारी बाई आपल्याच केसांचं नुकसान करत असू शकते. तेव्हा आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. कमी आलं तर डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी सुरू करा, आणि रोझमेरीचा चहा प्यायचाच असेल तर तो जेवणापासून आणि त्या गोळीपासून दोन-एक तास लांब ठेवा.