लवादाचं कलम दाखवून ग्राहकाला घाबरवतात, त्याबद्दल

सुट्टीच्या सभासदत्वात आमचे पैसे अडकले, पण खरी फसवणूक त्यानंतर झाली. विकताना सांगितलं होतं, वर्षभरात कधीही या, खोली तयार असेल. पैसे भरल्यावर मात्र प्रत्येक तारखेला सगळं भरलेलं. हा प्रकार बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

पैसे परत मागितले तेव्हा कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. करारात लवादाचं कलम आहे (वाद न्यायालयात न नेता, नेमलेल्या त्रयस्थाकडून म्हणजे लवादाकडून सोडवायचा, ही अट), म्हणून तुम्हाला ग्राहक आयोगात जाताच येणार नाही, असं त्यात होतं. लवाद कंपनीच नेमणार आणि सुनावणी तिच्या मुख्यालयाच्या शहरात. असं पत्र वाचून माणूस खचतो. घरातल्या मोठ्यांनी तर पैशांवर पाणी सोडा म्हणून सांगितलं.

ते पत्र धडधडीत खोटं होतं, आणि वकिलाला ते ठाऊक नव्हतं यावर माझा विश्वास नाही. 'एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे की करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाचा आयोगाकडे जाण्याचा हक्क जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या ठिकाणीही करता येते. म्हणजे त्यांच्या शहरात खेटे घालायची गरजच नव्हती.

पत्रासोबत एक साधासा कागद होता: लवादाच्या नेमणुकीला संमती आहे, सही करून पाठवा. इथे फार जपा. ग्राहकानं आपणहून लवादाचा मार्ग धरला, तर मग ग्राहक आयोगाचं दार बंद होऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात म्हटलं आहे. निकालानं दिलेला हक्क त्या एका सहीनं हातचा गेला असता. माझ्या बहिणीनं कागद ओळखीच्या वकिलाला दाखवला म्हणून आम्ही थांबलो.

दुसरी गोष्ट मुदतीची. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. 'प्रक्रिया चालू आहे' अशा ईमेलांनी ही मुदत वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण तो आयोगाला पटवून द्यावा लागतो. कंपन्या गोड बोलून वेळ काढतात ते याचसाठी, असं माझं स्पष्ट मत आहे.

न्यायालयाचा कौल उलटा गेला तर काय होतं, ते अमेरिकेत दिसतं. तिथे फुकट म्हणून दिलेल्या फोनवर ३०.२२ डॉलर कर लावल्याबद्दल एका जोडप्यानं एटी अँड टी मोबिलिटीवर दावा केला होता. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, आणि लवादाच्या कलमाआड ग्राहकांना एकत्र येऊन दावा करण्यापासून रोखण्याची वाट कंपन्यांना मोकळी झाली. तीस डॉलरसाठी एकटा माणूस कुठवर लढणार? त्या मानानं आपल्याकडचा निकाल केवढा मोलाचा आहे!

आमच्या प्रकरणात कंपनीनं आयोगापुढेही पहिला अर्ज त्याच कलमावर केला. तो फेटाळला गेला. मूळ तक्रारीची सुनावणी अजून चालू आहे. तुम्हाला असं पत्र आलं असेल तर सही करू नका, पाकिटासकट जपून ठेवा आणि तक्रारीला जोडा. तक्रार ऑनलाइन करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.