सोलापूरजवळचा एक खासगी तलाव: बांध उत्तम, सांडव्यावरची जाळी मात्र तातडीने काढावी

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही घरातले सातजण अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका खासगी तलावावर दिवसभर राहून आलो. मालकांनी स्वतःच्या जमिनीतल्या ओढ्यावर मातीचा बांध घातला असून अडलेल्या पाण्यात नौकाविहार, गळाने मासे धरणे आणि काठावर जेवण अशी सोय केली आहे. मी पाटबंधारे खात्यात मातीच्या कामांवर ३१ वर्षे काढली आहेत, त्यामुळे घरच्यांचे लक्ष पाण्याकडे असताना माझे बांधाकडे होते.

माणशी ६०० रुपयांत नौकाविहार आणि जेवण मिळते. कडक भाकरी, शेंगाची चटणी, शेंगाभाजी आणि घट्ट दही हे सगळे घरच्यासारखे होते. नातवाच्या मापाचे जीवरक्षक जॅकेट सापडेपर्यंत तिथल्या मुलाने त्याला बोटीत पाय ठेवू दिला नाही, आणि मिळाल्यावर पट्ट्याचे टोक स्वतः ओढून पाहिले. स्वच्छतागृहे स्वच्छ आहेत.

आता बांधाविषयी. उंची अंदाजे ७ मीटर, लांबी १८० मीटरच्या आसपास. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, म्हणून ती बांधाच्या पोटात, गाभ्यात घालायची आणि बाहेरून मुरमाचे आवरण द्यायचे, ही आपल्या भागातली जुनी रीत आहे. मालकांनी ती पाळली आहे, शिवाय गाभ्याखालचा चर कठीण मुरूम लागेपर्यंत खोदल्याचे त्यांनी सांगितले. पाण्याकडच्या उतारावरचे पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, हाताने बसवलेले आहे. मी तीन-चार दगड पायाने हलवून पाहिले, एकही हलला नाही. बांधाच्या माथ्यावर उंदीर-घुशींची बिळे दिसली नाहीत. १८७१ साली पूर्ण झालेला हिप्परग्याचा, म्हणजे एकरुखचा बांधही मातीचाच आहे. मातीचे काम नीट केले आणि राखले तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

बांधाच्या पायथ्याशी एका जागी ओल होती आणि तिथून बोटभर धार वाहत होती. पाझर पाहून घाबरण्याचे कारण नसते, कारण मातीचा प्रत्येक बांध थोडा पाझरतोच. पाहायचे असते ते पाझराचे पाणी गढूळ आहे की नितळ. गढूळ असेल तर पाणी आतली माती वाहून आणत आहे आणि बांधाच्या पोटात पोकळी होत आहे, असे समजावे. जेवणाच्या टेबलावरचा स्टीलचा पेला नेऊन मी त्या धारेखाली धरला आणि पंधरा मिनिटे ठेवून दिला. तळाशी मातीचा कणही बसला नाही. मन निश्चिंत झाले.

ही निश्चिंती सांडव्यापाशी, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेपाशी, गेल्यावर टिकली नाही. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडावर लोखंडी चौकटीत बारीक जाळी ठोकली आहे, आणि जानेवारीतही तिच्या खालच्या निम्म्या भागात शेवाळ, काडीकचरा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या होत्या. पावसाळ्यात ओढा भरून आला की हीच जाळी भिंतीसारखी पाणी अडवील, पातळी चढेल आणि पाणी बांधाच्या माथ्यावरून पलीकडे पडू लागेल. दगडी धरण हे काही काळ सोसते, मातीचे सोसत नाही. पडणारे पाणी मागचा उतार कापत वर येते आणि तासाभरात बांधाला खिंडार पडू शकते. ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यात कसा पाऊस कोसळला होता, हे सर्वांना आठवत असेल. बांधाखाली अर्ध्या किलोमीटरवर आठ-दहा घरांची वस्ती आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, ते मातीचेच होते आणि त्याच्याखालीही माणसे झोपलेली होती.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणे आणि १० ते १५ मीटर उंचीची ठरावीक अटींत बसणारी धरणे येतात. सात मीटरचा हा बांध त्यात बसत नाही, त्यामुळे इथली देखरेख ही सर्वस्वी मालकांची जबाबदारी ठरते.

दुसरी, थोडी लहान तक्रार झाडांची. सावलीसाठी मागच्या उतारावर वड आणि पिंपळाची रोपे लावली आहेत. त्यांची मुळे भरावात शिरतात आणि झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला आयती वाट मिळते. उतारावर हरळीसारखे गवतच असावे, झाडे पायथ्यापासून दूर लावावीत.

हे सगळे मी मालकांना जागेवर नेऊन दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, रोपे दुसऱ्या दिवशीच हलवतो म्हणाले, जाळीबाबत मात्र मासे जातील ही त्यांची काळजी सुटली नाही. मासे राखायचेच असतील तर जाळी सांडव्यात न ठोकता तोंडापासून बरीच आत, तलावात, रुंद अर्धवर्तुळात लावावी, म्हणजे कचरा पसरतो आणि पाण्याला वाट राहते. तरीही पावसाळ्यात ती रोज साफ करावी लागेलच. हिवाळ्यात सहलीसाठी जागा जरूर निवडावी, पण जाळी जागेवर असेपर्यंत पावसाळ्यात तिथे मुक्काम करू नये. मे महिन्यात पाणी खाली गेलेले असताना मी पुन्हा जाणार आहे, आणि सांडवा मोकळा दिसला तर आज दिलेले तीन तारे पाच करीन.