‘२०२० मॉडेल’ म्हणून २०१९ची पोलो माझ्या गळ्यात मारली

लातूर, उदगीर, नांदेडकडच्या ज्या पोरांच्या डोक्यात फोक्सवॅगनची टर्बो पेट्रोल पोलो जीटी टीएसआय बसली आहे, त्यांनी टोकन देण्याआधी हे वाचाच.

संभाजीनगरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे लाल जीटी टीएसआय पाहिली. “२०२० मॉडेल, नवीन वन-लिटर टर्बो, सिंगल ओनर.” मला तेच इंजिन हवं होतं. आधीच्या जीटी टीएसआयला १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, १०५ पीएस ताकद, आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे नवे नियम आले, तेव्हा १.० लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं, ११० पीएसचं, आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे साधा ऑटोमॅटिक. डीएसजीचं काम निघालं तर आमच्या भागात कुणाकडे न्यायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून नवीन इंजिनवालीच घ्यायची असं ठरवलं होतं.

गोची अशी, की सप्टेंबर २०१९च्या फेसलिफ्टमध्ये नवीन जाळी आणि नवीन बंपर आला, पण इंजिन जुनंच राहिलं. त्यामुळे त्या काही महिन्यांतली गाडी बाहेरून हुबेहूब २०२०ची दिसते. आरसीची मागची बाजू दाखवा म्हणालो तर, “कार्ड आरटीओत अडकलंय, दादा,” म्हणून मोबाईलवर पुढच्या बाजूचा फोटो दाखवला. नोंदणी मार्च २०२०. मी विश्वास ठेवला आणि ७ लाख ६० हजार मोजले.

पंधरा दिवसांनी नांदेड रोडला भाच्यानं गिअरचा दांडा मॅन्युअलला टाकला आणि पुढं ढकलत राहिला. डिस्प्लेवर ५, ६ आणि मग ७ आला. माझ्या पोटात गोळाच आला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं बॉनेट उघडलं. “वन-लिटर म्हणायलाव, पण हिला तर चार प्लग हायत.” कार्ड हातात आल्यावर मागं स्पष्ट छापलेलं: निर्मिती ११/२०१९, १,१९७ सीसी, बीएस-४.

बीएस-४ गाड्यांच्या नोंदणीची मुदत ३१ मार्च २०२०ला संपत होती. त्याआधी नोंद झालेली ही गाडी आहे, म्हणजे नोंदणी २०२०ची आणि गाडी २०१९ची. गाडी चांगली आहे, तक्रार गाडीबद्दल नाहीच. पण न दिलेल्या इंजिनाचे पैसे माझ्याकडून घेतले, हे मी सोडणार नाही.

तुम्ही घेताना कार्डाच्या मागच्या बाजूचा सीसीचा आकडा बघा. ९९९ असेल तरी बीएस-६ लिहिलंय का आणि बॉनेटखाली खरंच टर्बो आहे का तेही तपासा, कारण साध्या, बिनटर्बोच्या १.० एमपीआय इंजिनलाही ९९९च सीसी आहे. विमा पॉलिसीवरही सीसी आणि निर्मितीचं वर्ष असतं, ती मागून घ्या. कार्ड ‘आरटीओत अडकलंय’ असेल तर ते सुटेपर्यंत टोकनही अडकू द्या. डीलरकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्रही मागा, एप्रिल २०२३ पासून ते लागतंच.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. २०१९च्या ग्राहक कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, त्यामुळे संभाजीनगरला खेटे घालायची गरज नाही. डीलरचे ‘वन-लिटर पक्कं’ लिहिलेले व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवलेत, तेच लातूरच्या ग्राहक आयोगात लावणार आहे.