मामा, कोणती घेऊ? .३०८ च्या तीन सेमी-ऑटो रायफली आणि खांद्याचा हिशोब

भाचा माझा ह्यूस्टनला असतो, वय ३४, उंची पाच फूट चार इंच, डावखुरा. ग्रीन कार्ड आल्यापासून त्याच्या डोक्यात एकच भुंगा, .३०८ ची सेमी-ऑटो (ट्रिगर दाबला की एक गोळी, पुढची आपोआप भरते) रायफल घ्यायची. तिकडे मित्राचं शेत आहे आणि रानडुकरांनी उच्छाद मांडलाय, टेक्सासात हे दुखणं खरंच मोठं आहे. रविवारी सकाळी मी इथे राजेंद्रनगरात पोह्यांवर शेव घालतोय तेवढ्यात फोन, मामा तुम्ही तर २४ वर्षं फौजेत हेच केलंत, सांगा बघू, एफएएल घेऊ, एम-वन-ए घेऊ का एआर-१०? फोनवर तासभर बोललो तरी अर्धं राहिलं, म्हणून लिहूनच काढतोय.

आधी एक घोळ मिटवू. ७.६२ म्हटलं की लोकांना एके आठवते. एकेची पुंगळी (गोळीमागची, दारू भरायची नळी) ३९ मिमी लांब, आपल्या फौजेच्या जुन्या रायफलीची, एसएलआरची, ५१. गोळी जाडीला जवळपास तेवढीच पण मागे दारू जवळजवळ दुप्पट. .३०८ म्हणजे हीच ५१ वाली, साध्या कपड्यातली. आणि एफएएल म्हणजे बेल्जियमची ती रायफल जिच्यावरून ब्रिटिशांची एल-वन-ए-वन आली आणि आपली ईशापूरची एसएलआर आली, म्हणजे भाचा विचारतोय त्या तीनपैकी एकीबरोबर मी अख्खी जवानी झोपलोय. इथे इंदूरला सिव्हिलियन माणसाला हा प्रश्नच पडत नाही, .३०३ आणि ७.६२ दोन्ही प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सिव्हिलियनला बंदी असलेल्या मापाच्या.

बाकीच्या दोन मी तिकडे गेलो होतो तेव्हा रेंजवर भाड्याने घेऊन चालवल्या. त्यासाठी आधी बिगर-रहिवाशांचं शिकारीचं लायसन्स काढावं लागलं, कारण व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला तिथे त्याशिवाय बंदूक हातात धरायचीही सोय नाही. एच-वन वाल्यांनाही हेच लागू, कोणी वाचत असेल तर ध्यानात ठेवा, मित्राची आहे म्हणून दोन राउंड मारू असं करू नका.

आता झटका. सगळे आधी आकडा विचारतात म्हणून कागदावर मांडून बघितलं. गोळी साडेनऊ ग्रॅम, वेग सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास, वर तीन ग्रॅम दारूचा गॅस नळीतून फसकन बाहेर जातो तोही मागे ढकलतोच (हे लोक विसरतात, धक्क्याचा जवळपास तिसरा हिस्सा त्याचा). साडेचार किलोची एसएलआर धरली तर खांद्यावर साधारण १६ ज्यूल येतात. तीच गोळी ३.६ किलोच्या हलक्या एआर-१० मधून मारली की २०. इन्सास, म्हणजे एसएलआरनंतर आलेली फौजेची छोट्या गोळीची रायफल, चार-सव्वाचार ज्यूलवरच थांबते, म्हणून इन्सासवर तयार झालेल्या पोरांना ७.६२ हातात दिली की त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

पण गंमत अशी की .३०३ चा (एसएलआरच्याही आधीची, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल) हिशोब केला तर तोही सतराच्या आसपासच येतो, म्हणजे एसएलआरपेक्षा जेमतेम जास्त. आणि ज्याने दोन्ही चालवल्यात त्याला विचारा, शपथेवर सांगेल की .३०३ दीडपट मारते. कारण तिथे बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळा) बंद, सगळा धक्का एकदम, वर मागे धातूची बटप्लेट. वाऱ्याने दार आपटून खांद्यावर बसावं तसं. सेमी-ऑटोमध्ये थोडा गॅस पिस्टन ढकलतो, बोल्टचं धूड स्प्रिंग दाबत मागे येतं, मागे टेकतं, परत पुढे जातं. एकूण धक्का तेवढाच पण हप्त्याहप्त्याने. सिटी बसने ब्रेक मारल्यावर शेजारचा माणूस अंगावर येतो ना, तसा, ढकलतो पण थोबाडीत नाही मारत. म्हणून नुसता ज्यूलचा आकडा बघून रायफल घेणाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. खरं बघायचं ते हे की झटका बसल्यावर नळी कुठे जाते आणि परत शिस्तीवर, म्हणजे निशाण्यावर, यायला किती वेळ घेते.

एफएएल घेऊ आधी, माझी लाडकी म्हणून नव्हे (थोडं तसंही आहे). लांब, जड, आणि तो जडपणाच तिचा गुण. शिवाय तिच्याकडे एक चीज आहे जी बाकी दोघींकडे सहसा कारखान्यातून येत नाही, गॅस रेग्युलेटर. नळीवर पुढे एक कडं असतं, ते फिरवून किती गॅस पिस्टनला द्यायचा आणि किती बाहेर सोडायचा ते ठरतं. पद्धत अशी, कडं पूर्ण उघडं ठेवायचं म्हणजे गॅस बाहेर, एक राउंड मारायचा, रायफल अर्धवट मागे येऊन अडकणार, मग एक खाच बंद, परत एक राउंड, असं करत करत ज्या खाचेवर पुंगळी नीट बाहेर पडते आणि बोल्ट पूर्ण मागे जातो तिथून आणखी दोन खाचा पुढे, झालं. जेवढा लागतो तेवढाच गॅस, त्यामुळे बोल्ट मागे धाडकन आपटत नाही. तिकडे अनेक जण हे कडं पूर्ण बंद करून वापरतात आणि मग म्हणतात एफएएल फार मारते. मारणारच, तुम्हीच सांगितलंय तिला.

तिचे दोष पण सांगतो. ट्रिगर जड. दुर्बीण बसवायची तर वरच्या पातळ पत्र्याच्या कव्हरवर बसवतात, साधं कव्हर असेल तर हलतं आणि झीरो (दुर्बिणीची नळीशी केलेली जुळवणी) जातो, चांगलं घट्ट कव्हर वेगळं घ्यावं लागतं. आणि पकड ढिली असेल तर उजव्या हाताचा अंगठा आपल्याच नाकावर. पहिल्या फायरिंगला मला बसला होता, डोळ्यातून पाणी, उस्ताद म्हणाला "रो क्यों रहा है, शादी थोड़ी टूटी है".

एम-वन-ए म्हणजे अमेरिकेने १९५७ ला घेतलेल्या एम-१४ ची सिव्हिलियन बहीण. ती एम-१४ ऑटोवर टाकली की हातात राहायची नाही, म्हणून बहुतेक रायफली सिंगल शॉटवरच लॉक करून जवानांना दिल्या गेल्या. कारण तिच्या अंगातच आहे. लाकडी दस्ता जुन्या पद्धतीने खाली उतरतो, नळी खांद्याच्या वर राहते, धक्का सरळ मागे यायचा तर वरून येतो आणि तोंड आभाळाकडे. वजन सव्वाचार किलो, आकडा एसएलआरसारखाच, पण दुसऱ्या गोळीला मला तिच्यावर जास्त वेळ लागला. घड्याळ नव्हतं लावलं पण मावशी पायऱ्या चढते तसं वाटत होतं, येते, पण येते आपली सावकाश. एक मात्र कबूल, उघड्या साइट्स तिच्यासारख्या नाहीत. मागचं छिद्र डोळ्याला असं काही लागतं की शंभर यार्डावर दुर्बिणीशिवाय पाच गोळ्या वाटीत झाकल्या जातील अशा पडल्या, ५७ व्या वर्षी, चष्मा लावून. पण दुर्बीण लावायची असेल तर विसरा, माउंट बाजूने लागतो, दुर्बीण उंच बसते, गाल दस्त्यावरून सुटतो. आणि गाल सुटला की झटका गालाच्या हाडावर. भाच्याला रात्री डुकरं मारायचीत, म्हणजे दुर्बीण लागणारच.

एआर-१०. यूजीन स्टोनरने पन्नासच्या दशकात जो विचार केला तो साधा होता, दस्ता नळीच्या सरळ रेषेत ठेवा. बस. धक्का सरळ खांद्यात, नळीला वर जायला तरफच मिळत नाही. आपल्या फौजेने २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ घेतल्या त्याही ह्याच कुळातल्या. रेंजवर ती हातात घेतली तेव्हा पहिल्या राउंडला मला वाटलं ही एसएलआरपेक्षा जोरात ढकलतेय, आणि खरंच ढकलत होती, हलकी होती ना, पण निशाणीवरचा लाल ठिपका कागदाच्या बाहेर गेलाच नाही. खांदा म्हणतो जास्त, डोळा म्हणतो कमी. दहा राउंडनंतर खांदा गप्प बसला. गालाखाली बटमध्ये स्प्रिंग टणटण वाजते, त्याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, मला तर शेवटपर्यंत नाही झाली.

तिच्यातली खोच वेगळी आहे. एआर-१० नावाने दहा जण दहा प्रकारच्या बनवतात आणि एकीचे पार्ट दुसरीला बसतीलच असं नाही, छोट्या एआर-१५ सारखं नाही ते. मॅगझिन, हँडगार्ड घेताना कुठल्या पॅटर्नची आहे विचारूनच घ्यायचं. आणि कॅटलॉगमध्ये "फक्त ३.४ किलो" असं कौतुकाने लिहिलेलं असलं की पान उलटायचं. दुकानात हलकी रायफल सगळ्यांना आवडते. .३०८ मध्ये वाचवलेलं प्रत्येक पाव किलो खांदाच भरतो. शेतात जीपमधून जाणारा माणूस तू, सियाचिन चढतोयस का? दुर्बीण, बायपॉड धरून पाच किलो झाली तर होऊ दे, आकडा १४-१५ वर येतो.

मझल ब्रेक लावू का, हा त्याचा पुढचा प्रश्न होताच. लाव, फरक खूप पडतो, पण ब्रेक म्हणजे गॅस बाजूला आणि मागे वळवणं, म्हणजे झटका खांद्यावरून काढून कानाला आणि शेजाऱ्याला देणं. शेडखालच्या रेंजवर ब्रेकवाल्या माणसाच्या शेजारची जागा कोणी घेत नाही. माझा डावा कान गेलेला आहे. डावाच का, तर उजव्या खांद्यावरून फायर करणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो. आमच्या वेळी कापसाचा बोळा हेच कानाचं संरक्षण, आज बायकोचा फोन उजव्या कानाला लावतो. भाचा डावखुरा, त्याचा उजवा जाईल. प्लग आत, त्यावर मफ, दोन्ही, नाटकं नकोत.

डावखुऱ्याची भानगड वेगळीच. तिन्ही रायफली पुंगळी उजवीकडे टाकतात, म्हणजे ह्याच्या नाकासमोरून. एआरच्या नव्या रायफलींना खिडकीमागे एक उंचवटा असतो तो पुंगळी पुढे वळवतो, तेवढी सोय आहे. एफएएलचं कॉकिंग हँडल डावीकडे, उजव्या माणसासाठी वरदान, ह्याला दरवेळी हात उलटा न्यावा लागेल. एम-वन-ए चं हँडल उजवीकडे, ते ह्याला उलट सोयीचं पडतं पण फायर करताना ते बोल्टबरोबर मागेपुढे पळतं, बोटं तिथे नकोत. आणि पाच फूट चार इंच उंचीला लांब दस्ता म्हणजे मान ताणून, खांद्याच्या टोकावर, दंडाच्या हाडावर बट. दुसऱ्या दिवशी तिथे वांग्याच्या रंगाचा डाग. ब्रिटिश एसएलआरचे बट वेगवेगळ्या लांबीचे यायचे ते उगाच नाही. एआरमध्ये खटका दाबला की बट मागेपुढे होतो, थंडीत जाड जॅकेट घातलं तरी.

म्हणून माझं मत: तुझ्यासाठी एआर-१०, पण जड नळीची, कमीजास्त होणाऱ्या बटची. उजव्या हाताचा उंच माणूस असता, दुर्बीण नको असती, तर मी डोळे मिटून एफएएल म्हटलं असतं. एम-वन-ए ज्याला उघड्या साइट्सवर कागद फोडण्यात मजा येते त्याची, आणि त्यात काही कमीपणा नाही. .३०-०६ ची गॅरंड हौसेला ठीक, आठ गोळ्यांची क्लिप, अंगठा सांभाळ. आणि मध्येच "मामा .५० बॅरेट?" असं विचारलं होतंस ना, ती १४ किलोची आहे, झटका खायला नळीच आत सरकते, आणि एवढं करून डुकराचं करणार काय, चटणी? त्यापेक्षा तुझा मित्र म्हणतो तसं ६.५ क्रीडमूरचा (.३०८ पेक्षा जरा बारीक गोळी) विचार कर, तीच रायफल, झटका थोडा कमी.

कोणतीही घे, पण घेण्याआधी भाड्याने घेऊन वीस राउंड मारायचे, पाच नाही. पाच राउंड जोशात जातात. बेरछाच्या रेंजवर आमचा एक पोरगा होता, पहिल्या पाचांत उत्तम ग्रुप आणि पुढे गोळ्या जमिनीत. उस्तादने गुपचूप त्याच्या मॅगझिनमध्ये मध्येच एक ड्रिल राउंड (दारू नसलेली सरावाची गोळी) भरला. पोराने ट्रिगर दाबला, आवाज नाही, झटका नाही, आणि नळी मात्र बोटभर खाली. सगळ्यांसमोर. बिचारा रायफलकडे बघत राहिला. त्याला रायफल मारत नव्हती, येणाऱ्या झटक्याला तोच आधी धक्का देत होता. मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन हे तीन उसूल घोकून घेतात ना, त्यातला तिसरा सगळ्यात आधी तुटतो आणि तो दुकानातली कुठलीच रायफल जोडून देत नाही. ह्याच्यावर आमच्याकडे स्वस्तातला इलाज होता, रिकामी रायफल, तीनदा तपासलेली, नळीच्या टोकाला रुपयाचं नाणं, ट्रिगर दाबायचा, नाणं पडलं तर परत.

तर वीस राउंड मार, कोणाला तरी बाजूने मोबाइल धरायला सांग, सोळाव्यापासून विसाव्यापर्यंतचा व्हिडिओ मला पाठव. तिन्ही रायफलींचे. तुझा चेहरा नको, नळी आणि खांदा दिसू दे.