श्वासावरचं ध्यान: चवथीपासून शिगम्यापर्यंतचा अनुभव

मी गोव्यात, फोंड्यात राहते. आईला स्मृतिभ्रंश आहे, तिचं सगळं मीच बघते. गेल्या चवथीनंतर रोज ध्यानाला बसू लागले, आता शिगमा जवळ आलाय. ध्यानाने मेंदू बदलतो असं ऐकून सुरुवात करणारे पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

पद्धत अगदी साधी. पहाटे, आई उठायच्या आधी, वीस मिनिटं भिंतीला पाठ लावून बसते. नाकपुड्यांशी श्वास येताना-जाताना जाणवतो तिथे लक्ष ठेवायचं, मन निघून गेलं की परत आणायचं. हेच आनापान. गोएंका गुरुजींच्या विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीचे तीन दिवस हेच करून घेतात. फोनवर फक्त वेळ लावते, पैसे भरून कुठलंही अ‍ॅप घ्यावं लागलं नाही.

सुरुवातीचे आठवडे कठीण जातात. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की मन पाव किती घ्यायचे, सुटे पैसे आहेत का, आईचं औषध आणायला दुपारी जायचं की संध्याकाळी, इथवर जाऊन पोचतं आणि श्वास कधी सुटला ते कळतही नाही. इथेच बरेचजण "आपल्याला नाही जमत" म्हणून सोडतात. पण भटकलेलं मन लक्षात येणं हाच तर सराव आहे.

खरा फरक आईच्या बाबतीत पडला. ती दिवसभरात कितीदा तरी विचारते, "हे आले काय गो?" बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. पूर्वी चौथ्या-पाचव्या वेळेला माझा आवाज चढायचा. आता जबडा आवळला जातोय, छातीत काहीतरी उसळतंय, हे आधी कळतं. तेवढ्यात एक श्वास जातो, आणि मी म्हणते, "अजून नाही गो, तोवर चहा घेऊया." चीड आजही येते, पण ती तोंडापर्यंत पोचत नाही. आईचा चेहरा उतरत नाही. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मेंदूचं म्हणाल तर जपून विश्वास ठेवा. 2011 साली बोस्टनमधल्या संशोधकांनी आठ आठवड्यांच्या ध्यानवर्गानंतर स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागात करड्या द्रव्याची घनता वाढल्याचं मांडलं, आणि ते जगभर गाजलं. पण त्यात वर्ग केलेले जेमतेम सोळा जण होते. 2022 मध्ये रिचर्ड डेव्हिडसन यांच्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गटाने दोनशेहून अधिक लोकांवर तसाच वर्ग तपासला, तेव्हा मेंदूच्या रचनेत असा बदल दिसला नाही. हे वाचून मी निराश झाले नाही. 2014 साली ध्यानाच्या 47 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्या कमी होतात याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळालाच. मला जो फरक जाणवतो तो या मापातला आहे.

झोप मात्र सुधारली नाही. आई रात्री दोनदा-तीनदा उठते, त्यावर ध्यान काय करणार! आणि आठवडाभर बसणं चुकलं की आवाज पुन्हा चढायला लागतो, तेव्हा सातत्य हवंच.

सुरुवात दहा मिनिटांनी करा, घरातल्या ठराविक जागी, ठराविक वेळी. ज्यांना तीव्र नैराश्य किंवा मनाचा दुसरा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मौनाच्या लांब शिबिराला जाऊ नये. चालू गोळ्या तर आपल्या मनाने अजिबात बंद करू नयेत. मला स्वतःला इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस जायचंय. तेवढे दिवस आईजवळ राहायला बहिणीला विचारलंय, ती मुलांच्या परीक्षा संपल्यावर येते म्हणालीय.